खांदे कानाला, दातांवर दात, आणि आपल्याला पत्ताच नाही

घोडबंदरी:

ऐरोलीला आमच्या ऑफिसात महिनाअखेरीच्या पगारपत्रकांची घाई चालू असते, तेव्हा मजल्यावरच्या लोकांना एकदा बाजूने बघावं. माना स्क्रीनकडे पुढे आलेल्या, खांदे वर, पोट आत ओढलेलं, माउस गच्च धरलेला. विचारा त्यांना. प्रत्येक जण सांगेल, "छे, मी निवांत बसलोय." खोटं नाही बोलत कोणी. त्यांना खरंच जाणवत नसतं.

माझं दुखणं मानेचं आणि उजव्या खांद्याच्या पात्याखालचं. एक्स-रे स्वच्छ, रक्ततपासणी स्वच्छ. मालिश झाली, शेक झाला, मान ओढून धरायचे व्यायाम झाले. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी माजिवड्याच्या सिग्नलला बस अडकली की मान पुन्हा धरलेली. मग एका मैत्रिणीने नौपाड्यात एका ताईंच्या वर्गाला नेलं. तिथले व्यायाम इतके बारीक की सुरुवातीला हसू यायचं. "कंबर चटईवरून बोटभर उचला. आता अर्धं बोट. आता उचलायचं नुसतं मनात आणा." घाम नाही, मोजणी नाही, आरसा नाही. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "पडून राहायचे पैसे घेतात?"

पण त्या पडून राहण्यात मला एक गोष्ट कळली, तेवढ्यासाठीच हा धागा. आखडलेला खांदा म्हणजे मी दिवसभर करत असलेलं एक काम आहे. कोणी सांगितलेलं नाही, पगार मिळत नाही, तरी चालू आहे. आणि जे काम आपण करतोय हेच ठाऊक नाही, ते थांबवणार कसं? खांदा बाहेरून ओढून लांब करायला गेलं की तो आणखी हटून बसतो. त्यापेक्षा तो करतोय तेच आपण जाणूनबुजून, थोड्या जोरात करायचं, आणि मग हळूहळू, अगदी कंटाळा येईल इतकं हळू, सोडायचं. उतरताना वाटेत कुठे अडतंय, कुठे एकदम धपकन पडतंय, ते बघायचं. सगळी गंमत त्या उतरण्यात आहे.

ताईंनी सांगितलेली थोडी पार्श्वभूमी. मोशे फेल्डेनक्राईस हे मूळचे इंजिनिअर आणि ज्युडो खेळणारे. गुडघ्याच्या दुखापतीतून वाट काढता काढता त्यांनी स्वतःच्या हालचालींचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यातून सावकाश, लक्ष देऊन करायच्या हालचालींची पद्धत उभी राहिली. थॉमस हॅना हे अमेरिकन त्यांच्याकडूनच शिकले आणि पुढे या सगळ्याला 'सोमॅटिक्स' हे नाव त्यांनी रूढ केलं. मांजर झोपेतून उठताना आधी अंग आवळतं, मग लांबवतं आणि मग चालू लागतं. हॅना यांच्या व्यायामांचा गाभा तोच. आपणही सकाळी आळोखेपिळोखे देतो तेव्हा हेच करतो, फक्त अलार्म वाजला की अर्ध्यात सोडून पळतो.

मी घरी काय करते ते लिहिते. जमिनीवर सतरंजी, गादीवर नाही, कारण गादीत अंग बुडतं आणि काही कळत नाही. पाठीवर पडायचं, गुडघे उभे, तळवे जमिनीला. आधी काहीच करायचं नाही. कुठलं पातं जास्त टेकलंय, कंबरेखाली किती पोकळी आहे, डोकं मध्यावर आहे की एका बाजूला कललंय, एवढंच बघायचं. माझं डोकं नेहमी डावीकडे कललेलं सापडतं. मग श्वास घेताना कंबर किंचित उचलायची, सोडताना जमिनीला टेकवायची. माकडहाड वर उचलायचं नाही, ते जागच्या जागी कलंडतं. असं थोडा वेळ, मग पूर्ण थांबायचं. हे थांबणं गाळू नका. मग एक खांदा कानाकडे, तिसऱ्या हिश्शाच्या ताकदीने, आणि परत येताना तीन-चार श्वास लावायचे. शेवटी ओठ मिटून, दात सुटे ठेवून जरासं गुणगुणायचं. उठताना कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन.

दुखणं पूर्ण गेलंय असं नाही. पण आता मान धरायच्या आधी कळतं की धरतेय.

तुम्ही कोणी असं काही करता का? अनुभव लिहा, शंका असतील त्याही लिहा.

—

पारसिकबोगदा:

वाचतोय. दिव्याहून रोज लोकलला चढतो, त्यामुळे माझे खांदे कानाला चिकटलेले नसतात, शेजारच्याच्या कानाला चिकटलेले असतात. गाडीत उभ्याने करण्यासारखं काही आहे का?

—

शंकासुर:

धागा प्रामाणिक आहे म्हणून प्रामाणिकपणे विचारतो. लोक "साठलेला ताण" म्हणतात तो नेमका कुठे साठतो? हल्ली रील्सवर रोज कोणी ना कोणी सांगत असतं की मांडीच्या सांध्यात जुनं दुःख असतं, खांद्यात जबाबदाऱ्या असतात, जबड्यात न बोललेले शब्द असतात. मग माझ्या टाचेत काय आहे, गृहकर्ज? स्नायू म्हणजे माळा नाही वस्तू ठेवायला. पूर्ण शिथिल पडलेल्या माणसाच्या स्नायूला सुई लावून मोजलं तर विद्युत हालचाल जवळपास शून्य येते. हलकेच घ्या, पण उत्तर द्या.

—

नेरुळ_फिजिओ:

शंकासुर, टाचेतलं गृहकर्ज आवडलं. मुद्दाही बरोबर आहे, पण अर्धा. स्नायूत आठवण ठेवलेली असते याला पुरावा नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्यांना मी तसं सांगत नाही. पण तुम्ही सांगितलेला शून्य आकडा पूर्ण शिथिल पडलेल्या माणसाचा आहे. प्रश्न असा की दिवसभरात आपण तसे पडलेले असतो कधी? माणसाला खुर्चीत बसवून, हात न हलवता, नुसते अवघड हिशेब करायला दिले तरी मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियस स्नायूतली विद्युत हालचाल वाढते. हे मोजलेलं आहे. म्हणजे साठवण नाही, चालू खर्च आहे. आणि तो मज्जासंस्थेच्या सांगण्यावरून चालू आहे, त्यामुळे स्नायूला कितीही चोळलं तरी वरून हुकूम आला की तो परत आवळणार.

दुसरं, ताणून धरण्याच्या व्यायामांबद्दल. लोकांना वाटतं स्नायू रबरासारखा लांब होतो. नियमित स्ट्रेचिंगने वाढलेली लवचीकता बरीचशी सहनशक्तीची असते, म्हणजे तेवढ्या ताणाला मेंदू "ठीक आहे, चालेल" म्हणू लागतो. तेव्हा घोडबंदरी करतात ती हळू हालचाल आणि स्ट्रेचिंग, दोन्हीचं गिऱ्हाईक शेवटी मेंदूच. फरक इतकाच की हळू हालचालीत त्याला घाबरवलं जात नाही.

धाग्यातल्या व्यायामांना माझी हरकत नाही. पण हातापायात मुंग्या किंवा बधिरपणा, एखाद्या हाताची पकड कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप किंवा कारण नसताना वजन घटणं, यातलं काहीही असेल तर सतरंजी नंतर, डॉक्टर आधी. आणि छाती भरून येऊन डावा हात किंवा जबडा दुखत असेल तर "ताण असेल" म्हणत घरी बसू नका.

—

घंटाळीकर:

मंडळी, मी सत्तरी ओलांडलेला माणूस. तुमची चर्चा वाचून गंमत वाटली. शवासन हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत आहे, त्याचं काम श्रम हरण करणं आणि चित्ताला विश्रांती देणं हे तिथेच सांगितलेलं आहे. मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांनी तांत्रिक न्यासावरून (एकेका अवयवावर मंत्र ठेवण्याच्या विधीवरून) योगनिद्रा बसवली. त्यात उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरू करून एकेका अवयवावर मन फिरवतात. आमच्या घंटाळीत मित्र मंडळाचे योगवर्ग कित्येक वर्षं चालू आहेत, तिथे पडल्या पडल्या घोरणारेही मी पाहिलेत. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि उड्डियान, नौली या पोटाच्या योगक्रियांचे क्ष-किरण फोटो काढून पोटात काय होतं ते तपासलं. आपल्याकडे हे सगळं असताना अमेरिकेतून नाव कशाला आणायचं?

—

घोडबंदरी:

घंटाळीकर काका, नमस्कार. वाद घालत नाही, योगनिद्रा मलाही आवडते. पण त्यात अंग हलवायचं नसतं, आवाजामागे मन जातं. माझं व्हायचं असं की मी छान शांत व्हायचे आणि उठून खुर्चीत बसले की खांदा होता तिथे. हालचालीतून शिकलेलं हालचालीत उपयोगी पडलं. दोन्ही करावं की.

—

शंकासुर:

काकांचा कुवलयानंदांचा मुद्दा मात्र मला पटला, वेगळ्या कारणाने. त्या माणसाने परंपरेवर नुसतं प्रेम केलं नाही, ती यंत्राखाली ठेवली. हे आपण फार कमी करतो.

नेरुळ_फिजिओ, 'चालू खर्च' हे मान्य. घोडबंदरी, मग धाग्याच्या शीर्षकाखाली तसंच लिहा ना.

—

कोमल_गंधार:

मी गाणं शिकवते, बेलापूरला. आमच्या धंद्यात हा प्रश्न रोजचा. विद्यार्थी तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, जायला लागला की हनुवटी वर, मानेच्या शिरा टरारलेल्या, भुवया कपाळात. स्वर लागतो, पण दाबलेला. त्याला "सैल सोड" म्हटलं की तो आणखी ताठ होतो, कारण आता सैल सोडणं हेसुद्धा एक काम झालं.

फ्रेडरिक अलेक्झांडर नावाचे ऑस्ट्रेलियन नट होते, रंगमंचावर पाठांतर म्हणायचे. त्यांचा आवाज प्रयोगात बसायचा, एरवी ठीक. डॉक्टरांना काही सापडेना. तेव्हा ते आरसे लावून स्वतःला बघत राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की बोलायला सुरुवात करायच्या क्षणाला आपण डोकं मागे आणि खाली ओढतो आणि तोंडाने खसकन हवा घेतो. पुढची खरी अडचण ही होती की तसं करायचं नाही असं ठरवूनही ते तेच करत, आणि त्यांना मात्र वाटत असे की आपण करत नाही आहोत. आरसा सांगे वेगळं, अंग सांगे वेगळं. म्हणून त्यांच्या पद्धतीत आधी थांबायला शिकवतात. बोलायची इच्छा झाली, आता लगेच बोलू नका.

मी हे रियाजात वापरते. मुलीला सांगते, सा लावायची तयारी कर, आणि लावू नकोस. तेवढ्यात तिचा जबडा काय करतो ते तिलाच सापडतं. मग हसते आणि त्यानंतरचा सा बहुतेक वेळा सुटा येतो.

—

मिसळप्रेमी:

गडकरी रंगायतनला प्रयोग बघताना माझे खांदे वर जातात, शेजारी मोबाइल वाजला की. त्यावर उपाय सांगा. जाता जाता, नौपाड्यात वर्ग असेल तर सुटल्यावर मामलेदार मिसळ जवळ आहे, पोट आत ओढलेलं राहणारच नाही.

—

खड्डेमोजणी:

मी कासारवडवलीहून मुलुंडला दुचाकीने जातो. घोडबंदरवर मेट्रोचं काम, कंटेनर, आणि पावसाळ्यात काय असतं ते माझ्या नावात आहे. घरी पोचलो की हेल्मेट काढल्यावर जबडा उघडायला त्रास. दोन्ही मनगटं दगड. सतरंजीवर पडून खांदा उचलायला वेळ नाही हो, आठला पोचतो, मुलाचा अभ्यास असतो.

—

नेरुळ_फिजिओ:

खड्डेमोजणी, गाडी चालवताना काही करू नका, लक्ष रस्त्यावर. सिग्नलला पूर्ण थांबल्यावर, पाय टेकल्यावर: पकड आधी मुद्दाम थोडी घट्ट करा, मग करंगळीपासून एकेक बोट सैल. हँडल पडत नाही, बघा. खांदे वर नेऊन श्वासाबरोबर उतरवा. दात सुटे. तीन हात नाक्याच्या सिग्नलला एवढ्याला भरपूर वेळ मिळतो. मनगटं खरोखर बधिर होत असतील, विशेषतः रात्री अंगठा आणि पहिली दोन बोटं, तर मात्र दाखवून घ्या. तो वेगळा विषय आहे, नस दबल्याचा.

पारसिकबोगदा, तुमचं राहिलं होतं. उभ्याने गुडघे मागे लॉक करू नका, केसभर वाकलेले ठेवा. वरची कडी धरलेल्या हाताचा खांदा कानापासून लांब. आणि श्वास: गर्दीत पोट फुगवायला जागा नसते, त्या भानगडीत पडू नका. नुसता बाहेर जाणारा श्वास लांबवा. आत चार मोजून, बाहेर सहा. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात, आणि हे कमी करण्याचं काम व्हेगस या दहाव्या मस्तिष्क-नसेमार्फत होतं. सोडणं लांबलं की त्या बाजूला थोडं वजन पडतं. चार आणि सहा म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात, प्रयोगांमध्येही बहुतेक वेळा याच्या आसपासचीच गती घेतात. मोजताना दम लागला तर तीन-चार करा. ताठून केलेला सावकाश श्वास हाही एक ताणच.

—

पारसिकबोगदा:

धन्यवाद. ठाण्याला गाडी रिकामी होते तेव्हा करून बघतो. (होत नाही. पण आशा.)

—

अनामिका_वाशी:

वेगळं लिहिते, नाव लपवून. मी ऑनलाइन व्हिडिओ लावून अशी 'शरीराकडे लक्ष द्या' वाली साधना केली. डोळे मिटून पडले आणि पोटापर्यंत पोचल्यावर छाती धडधडायला लागली, बोटांत मुंग्या, उठून बसले आणि रडू कोसळलं. त्या व्हिडिओत खाली लिहिलं होतं की रडू आलं म्हणजे जुना ताण बाहेर पडतोय, चालू ठेवा. मी चालू नाही ठेवलं. तेव्हापासून भीती बसलीय. इथे सगळ्यांना शांत वाटतंय, मलाच असं का?

—

घोडबंदरी:

अनामिका, थांबलीस ते योग्यच केलंस. आमच्या वर्गातही एक बाई भिंतीला टेकून डोळे उघडे ठेवूनच करतात, ताई त्यांना कधी टोकत नाहीत. फिजिओ, तुम्ही लिहाल का सविस्तर?

—

नेरुळ_फिजिओ:

अनामिका, तुमच्या एकटीचंच नाही हे. आराम करायला गेल्यावर घाबरल्यासारखं होणं हे मानसोपचारात नीट नोंदलेलं आहे. काही लोक दिवसभर अंग आवळून स्वतःला सांभाळत असतात. ते एकदम सोडायला सांगितलं, तेही डोळे मिटून, अंधारात, तर मेंदूला ते धोक्याचं वाटू शकतं. पूर्वी काही वाईट घडून गेलेल्यांत हे जास्त दिसतं, पण तसं काही नसलेल्यांनाही होतं.

बोटांतल्या मुंग्यांचं कारण बहुधा साधं आहे. "खोल श्वास घ्या" ऐकून माणूस भराभर मोठे श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि ओठ-बोटं झिणझिणतात, गरगरतं. म्हणून मी "खोल" म्हणतच नाही. "हलका" म्हणते.

करायचं असेल तेव्हा बसून करा, डोळे उघडे, दिवा लावलेला. पोट, छाती सोडून द्या. तळपायापासून सुरुवात: फरशी गार आहे का, कुठली टाच जास्त टेकलीय. मग मान फिरवून खोलीतल्या चार वस्तू बघा. एवढंच, दोन मिनिटं. किंवा चाला. पाम बीच रस्त्याच्या कडेने किंवा नेरुळच्या 'ज्वेल' उद्यानाच्या वाटेने सकाळी चालताना हाताचा झोका कुठवर जातो, इतकं लक्ष पुरे आहे. रडू आलं तर येऊ द्यावं, पण ते आणायचं नसतं, आणि आलं म्हणजे उपचार झाला असंही नाही.

भीती वारंवार येत असेल, झोप बिघडली असेल, तर माणसाशी बोला, व्हिडिओशी नको. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस फोन सेवा आहे, १४४१६. फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं.

—

घंटाळीकर:

अनामिका बेटा, एक म्हाताऱ्याचं ऐक. आमच्या लहानपणी कोणी जरा वेगळं वागलं की लोक म्हणत, "ह्याला ठाण्याला पाठवा." १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आमच्या गावात, त्यामुळे आम्हा ठाणेकरांनी ती थट्टा आयुष्यभर ऐकली. आज तिथल्या बाह्यरुग्ण विभागात लोक रोज येतात, गोळ्या घेतात, कामाला जातात. लाज कसली.

आणि योगनिद्रेबद्दल मी वर लिहिलं त्यात भर: चांगला शिक्षक घाबरणाऱ्या माणसाला आडवं पाडत नाही, त्याला आधी चालवतो, सूर्यनमस्कार घालायला लावतो. अंग दमलं की पुढचं सोपं जातं.

—

अनामिका_वाशी:

काका, फिजिओ, घोडबंदरी, खूप आभार. तळपायापासून करून बघितलं आत्ता. फरशी गार आहे.

—

शंकासुर:

रडू म्हणजे उपचार, हे लिहिणाऱ्या व्हिडिओवाल्यांना मी पहिल्या प्रतिसादात जे म्हटलं ते दुप्पट म्हणतो.

आता मी स्वतः काय केलं ते सांगतो, कारण इथे नुसता फाटे फोडणारा म्हणून मी बदनाम आहे. एडमंड जेकबसन हे शिकागोचे डॉक्टर. १९२० च्या दशकात त्यांनी स्नायू क्रमाक्रमाने शिथिल करण्याची पद्धत मांडली, आणि पुढे विजेच्या उपकरणांवर ती मोजूनही बघितली. आज ॲपवर जी मिळते, 'मूठ करकचून आवळा, पाच मोजा, सोडा', ती नंतर लोकांनी आटोपशीर केलेली आवृत्ती. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५० च्या दशकात ती बरीच छोटी केली, कारण मूळ प्रशिक्षण महिनोन्‌महिने चालायचं. मूळ जेकबसन करकचून आवळायला सांगत नव्हते. मनगट किंचित मागे वाकवायचं आणि कोपर ते मनगट या भागाच्या वरच्या बाजूला जी अगदी पुसट ओढ जाणवते ती ओळखायची. मग वाकवणं बंद करायचं, बस. पुढे पुढे आणखी कमी वाकवायचं आणि तरीही ओळखायचं. म्हणजे घोडबंदरी यांच्या ताईंचं "अर्धं बोट, आता नुसतं मनात" हे तेच झालं. नौपाड्यात बसून शंभर वर्षांपूर्वीचं शिकागो, ही गोष्ट मला फार आवडली.

मी मनगटाचं करून बघितलं. ओढ सापडायला बराच वेळ गेला. सापडल्यावर लक्षात आलं की वर्तमानपत्र वाचताना ती तिथेच असते. इतकं पुरे, यापुढे माझ्याकडून सकारात्मक प्रतिसादाची अपेक्षा ठेवू नये.

—

मिसळप्रेमी:

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, शंकासुरांचा सकारात्मक प्रतिसाद.

—

सीवूड्सची सून:

सासूबाईंसाठी विचारते. वय बहात्तर, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान आहे, गुडघेही दुखतात. खाली सतरंजीवर बसता येत नाही, उठता तर अजिबात येत नाही. त्यांचे खांदे सारखे पुढे आलेले असतात आणि दिवसभर मालिका बघतात (हे माझं मत, त्यांचं नव्हे). कंबरेचा तो व्यायाम पलंगावर चालेल का? आणि उपवन तलावाला सकाळी बायका जमून काहीतरी करतात असं नणंद सांगते, तिथे न्यावं का?

—

नेरुळ_फिजिओ:

पलंगावर चालेल, गादी कडक असेल तर. नाहीतर खुर्चीवर, पाठ न टेकता, पाय जमिनीला पूर्ण: श्वास घेताना बसायचं हाड पुढे कलंडतं, कंबर जरा आत जाते, सोडताना मागे. मागे जाताना पाठीचं पोक काढायचं नाही, सरळ बसण्यापर्यंतच. ठिसूळ हाडांत पुढे वाकणं आणि झटक्याने पिळणं टाळायचं. चार बायका करतात म्हणून पश्चिमोत्तानासन (पाय लांब करून पुढे वाकणं) तर नकोच. डोक्याच्या मागे दोन्ही तळहात नेऊन कोपरं हळू उघडायची, हे त्यांना आवडेल. मालिका बघतानाही होतं.

उपवनला न्या, पण आधी बघून या काय करतात. आणि ओडोमॉस.

—

खड्डेमोजणी:

सिग्नलला बोटं सोडण्याचं करतोय. मनगटांना फरक वाटतो. जबडा तसाच. बायको म्हणते रात्री दात करकर वाजतात, दातांच्या डॉक्टरांकडून रात्री दातांवर घालायचा गार्ड बसवून घे. तो घातला की आवळणं थांबतं का? महाग आहे म्हणून विचारतो.

—

दंतोपंत:

गार्ड दात झिजण्यापासून वाचवतो. आवळणं थांबवतोच असं नाही. दात गार्डावर आवळले जातात आणि झिजतो तो गार्ड, म्हणून तो दर काही काळाने बदलावाही लागतो. तरी घ्या, दाताची टोपी त्याहून महाग पडते.

दिवसा मात्र तुमच्या हातात बरंच आहे. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकी टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची जागा. दातांवर दात फक्त खाताना आणि गिळताना यावेत. हेल्मेटचा पट्टा लावताना एकदा तपासा, काढताना एकदा. तोंड उघडताना कानापाशी दुखत असेल किंवा तीन बोटं उभी मावत नसतील तर सांधा तपासून घ्या. घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर बायकोने करकर ऐकली तेवढ्यावर थांबू नका, झोपेची तपासणी करून घ्या. झोपेत श्वास अडकणाऱ्यांमध्ये दात खाणं बरेचदा सापडतं.

गार्ड घेतलात तर गार पाण्याने धुवा. गरम पाण्यात टाकला की वाकडा होतो, आणि मग लोक म्हणतात डॉक्टरांनी मापच चुकीचं घेतलं.